धोंड्याचा महिना आणि ग्लुटेन

(रंगमंचावर एक खुर्ची. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात पिशवी. पोटावरून हात फिरवत प्रवेश.)

मी लासुर्ण्याचा. बारामतीहून इंदापूरला निघालेल्या एस्टीत डोळा लागला, तर अंथुर्ण्यात जाग येते आणि लासुर्णं मागं राहतं. ऊस भरपूर, दुखणं एकच. जेवलं की पोटाचं ढोलकं होतं. (वाजवतो.) ऐकू आलं का मागं?

पुण्याचा पुतण्या म्हणाला, "काका, ग्लुटेन सोडा."

म्हटलं, "बाबा, तंबाखू सोडली. हे मी धरलं कधी होतं?"

तर ते गव्हात असतं. कणीक मळली की तिला जी ओढ येते ना, ती त्याचीच. गहू बंद, सातू बंद. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ चालतंय. तुकोबांची पालखी गावातनं पुढं गेली त्या आठवड्यात मी गहू सोडला. आईला सांगितलं.

"म्हंजी आजपासनं भाकरीच?"

"हो."

"आरं, मग ह्याला पथ्य कशाला म्हणतोस? गरिबी म्हण की!"

खोटं नाही. पोळी आम्हाला दिसायची सणाला, नाहीतर पाव्हणा आला तर. तिसरी पोळी तो नको म्हणेल का, म्हणून आम्ही दाराआडनं बघायचो. १९७२च्या दुष्काळात रेशनवर मिलो आली, अमेरिकेची लाल ज्वारी. आई अजून तिचं नाव काढलं की तोंड वाकडं करते. म्हणजे बघा, अमेरिकेनं तेव्हाच आपल्याला ग्लुटेन-फ्री पाठवलं होतं, आणि आपण नाकं मुरडली! आता आमच्या रानात कालव्याच्या पाण्यावर ऊस उभा. ज्वारी आणायची दुकानातनं, गव्हाहून महाग. रेशनचा गहू फुकट. मी फुकटचं टाकून विकतच्या मागं.

त्यात पीठ निघालं जुनं. विरी गेलेली. भाकरी थापली की तिचा नकाशा व्हायचा. कारभारणीला मी समजावलं, "त्यात ग्लुटेन नसतं, म्हणून चिकटत नाही."

"मग तुम्ही चिकटवा," म्हणाली आणि परात माझ्याकडं सरकवली.

(शर्टाला पीठ पुसल्यासारखं करतो.)

तर साल २०२३. भारतानं मागणी लावून धरली आणि संयुक्त राष्ट्रांनी ते भरडधान्यांचं वर्ष म्हणून जाहीर केलं. अख्खं जग माझ्या बाजूनं! आणि नेमका त्याच वर्षी अधिक श्रावण. धोंड्याचा महिना. जावयाचा हंगाम.

सासुरवाडी निमगाव केतकी. पाट, रांगोळी, ताटात पुरणाचे धोंडे, वरनं तुपाची धार. सासूबाई म्हणाल्या, "घ्या जावईबापू."

मी हात आखडला. "मला ग्लुटेन चालत नाही."

शांतता. सासऱ्यांनी मेव्हण्याकडं बघितलं. मेव्हणा कानाशी आला. "दाजी, उगं आडून बोलू नका. अंगठी किती तोळ्याची पाहिजे?"

सासूबाई काकुळतीला आल्या. "आवो, ह्यात न्हाई घातलं ते! डाळ, गूळ, वेलदोडा, जायफळ. ग्लुटेन आमी घरात आणतच न्हाई."

मग मी अनारशांकडं वळलो. वाणाचे ३३. तांदळाचे, म्हणजे पथ्यात बसतात. किती खाल्ले ते विचारू नका. तळलेलं, गुळाचं, तरी पथ्याचं! आमटीचा वास घेतला आणि संशय आला. स्वयंपाकघरात घुसलो, हिंगाची डबी उलटी केली. खाली मुंगीएवढ्या अक्षरात लिहिलेलं: गव्हाचं पीठ. पहिल्यांदा धोंडे खायला आलेला जावई सासूच्या फळीवरच्या डब्या वाचतोय. साळी खिडकीतनं शूटिंग करतीय.

रात्री पोट? ढोलकं नाही, नगारा.

ऑगस्ट सरताना बारामतीला डॉक्टर गाठला. त्यांनी विचारलं, "गहू खाता?"

मी छाती काढून, "दोन महिने शिवलेलो नाही!"

त्यांनी कपाळाला हात लावला. "अहो, सिलिअ‍ॅक म्हणून आजार असतो. त्यात गव्हानं आतड्याला इजा होते. त्याची खूण रक्तात शोधायची, तर गहू पोटात जात असला पाहिजे. सोडला की खूण पुसट होत जाते. आधी तपासणी, मग पथ्य! तुम्ही चोराला हाकलून पोलीस बोलावलेत."

"मग आता?"

"काही आठवडे रोज पोळी खा. मग रक्त देऊ. आणि मधे दुसरं काय खाल्लं होतं?"

(खूप वेळ गप्प. छताकडं बघतो.)

बाहेर आलो आणि तसाच फोन लावला. (कानाला हात.) "सासूबाई, नमस्कार. डॉक्टरांनी धोंडे लिहून दिलेत... हो, गव्हाचेच... नाही, अंगठी नको."

(ऐकतो. चेहरा पडतो.)

म्हणाल्या, "आता निज श्रावण चाललाय, जावईबापू. पुढचा धोंडा २०२६ला, ज्येष्ठात. तवर भाकरी खावा."

(खुर्चीत बसतो. पिशवीतून फडकं सोडतो, भाकरी उचलतो. हातात एक तुकडा राहतो, बाकीची मांडीवर सांडते. प्रेक्षकांकडं बघतो.)

विरी गेलीय.

(अंधार.)