परवाचं कोण मोजणार?

सहा मिनिटांची चालण्याची चाचणी कोविडनंतर बऱ्याच जणांच्या परिचयाची झाली. तीस मीटरचा कॉरिडॉर, दोन टोकांना दोन कोन, बोटाला ऑक्सिमीटर. किती मीटर चाललात आणि ऑक्सिजन किती उतरला, ते केसपेपरवर येतं. फुफ्फुसाच्या रुग्णासाठी चाचणी चांगलीच आहे. पण ज्यांचा आजार श्रमानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उसळतो, त्यांना याच आकड्यावरून ठणठणीत ठरवणं हा सरळ अन्याय आहे.

या आजाराचं नाव एमई/सीएफएस. लाँग कोविडच्या बऱ्याच रुग्णांचीही हीच गत असते. श्रमानंतर तब्येत ढासळणं हे त्याचं मुख्य लक्षण, असं अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिननं २०१५ मध्येच सांगितलं.

डोंबिवलीच्या एखाद्या बाईंचं घ्या. ठाण्याला दहाची अपॉइंटमेंट. त्यासाठी आदले दोन दिवस पडून काढायचे, पोळ्या बाहेरून आणायच्या, केस धुवायचे नाहीत. मग रिक्षा, स्टेशनचा पूल, लोकलमध्ये उभं राहणं, ठाण्याला पुन्हा पूल. कॉरिडॉरमध्ये त्या चालतात, बऱ्यापैकी चालतात. रिपोर्ट नॉर्मल. "टेन्शन घेऊ नका, रोज सकाळी चालायला जात जा." परवा त्यांना मोरीपर्यंत जाववत नाही, बोलताना शब्द आठवत नाहीत, ट्यूबलाइट डोळ्यांना सोसत नाही. ऋण काढून केलेला सण तेवढा कागदावर चढतो. फेड घरात, पडदे ओढून चालते. आणि जे अंथरुणातून उठूच शकत नाहीत, ते त्या कॉरिडॉरपर्यंत पोचतही नाहीत.

मोजता येत नाही असं मात्र नाही. सायकलवर बसवून, तोंडाला मास्क लावून श्वासातले वायू मोजायचे आणि चोवीस तासांनी तीच चाचणी पुन्हा घ्यायची. निरोगी माणूस, अगदी व्यायामाची सवय मोडलेलाही, दुसऱ्या दिवशी साधारण तेवढंच काम करतो. या रुग्णांच्या गटात दुसऱ्या दिवशीचे आकडे खाली आलेले दिसले आहेत. 'आळस आहे' म्हणणाऱ्यांनी हे आकडे बघावेत. तरी ही चाचणी सरसकट करू नये, असंच माझं मत आहे. तिच्यामुळेच माणूस कित्येक दिवस अंथरूण धरू शकतो.

त्यापेक्षा विचारा. नॉर्वेतल्या संशोधकांच्या पुढाकारानं तयार झालेली फनकॅप नावाची प्रश्नावली २०२४ मध्ये प्रसिद्ध झाली. अमुक काम केलंत तर पुढे काय भोगावं लागतं, हे ती विचारते. आपल्याकडे तिच्या जोडीला पूल चढणं, उभ्यानं लोकल, पाणी येईल तेव्हा उठून भरणं हेही विचारायला हवं.

कोविडच्या काळात रोज आकडे यायचे: बाधित, बरे, मृत. 'बरे' झालेल्यांपैकी कोण अजून उभं राहू शकत नाही, याला रकाना नव्हता. कायद्यातही तेच: २०१६ च्या अपंग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यांत या आजाराचं नाव नाही. बहुतेक सवलती ४० टक्क्यांपासून सुरू होतात. एका बैठकीत तपासून या रुग्णाचे टक्के ठरवायचे तरी कसे? शिवाय, ठरावीक प्रमाणात व्यायाम वाढवत नेण्याचा उपचार या रुग्णांना देऊ नका, असं ब्रिटनच्या नाइस संस्थेनं २०२१ मध्ये बजावलं आहे. आपल्याकडे 'चालायला जा' अजून सुटलेलं नाही.

चालण्याच्या चाचणीनंतर तिसऱ्या दिवशी ओपीडीतून रुग्णाला एक फोन करा. आज काय जमलं, काय नाही, आंघोळ झाली का, हे विचारून त्याच केसपेपरवर मीटरच्या आकड्याखाली लिहा. याला ना मशीन लागतं, ना मंजुरी. आणि तो फोन होईपर्यंत कुणाच्याही कागदावर 'फिट' लिहू नका.