भावी कादंबरीकार

भावी कादंबरीकार ओळखायला सोपा. तुम्ही नुसतं "परवा एक झकास गोष्ट वाचली" म्हणा, तो विचारतो, "निवेदक कोण आहे?" गोष्ट कशाबद्दल आहे, हे तो विचारत नाही. ते बिगारीतल्यांनी विचारायचं.

हा गृहस्थ बहुधा बँकेतून व्हीआरएस घेतलेला असतो, तीही कादंबरी लिहायचीच म्हणून. पेन्शन वेळेवर येते, मुलं बाहेरगावी, सकाळ अख्खी मोकळी. लिहिण्याच्या आड येण्याजोगं काहीच न उरल्यामुळे तो अभ्यासाला लागतो.

सुरुवात ना. सी. फडक्यांच्या 'प्रतिभासाधन'पासून. पुस्तक १९३१ सालचं, पण त्याच्या प्रतीत तीन रंगांच्या रेघा ताज्या आहेत. लाल म्हणजे पटलं, हिरवी म्हणजे शंका, निळी म्हणजे लाल का मारली ते आठवत नाही. पुढे चेकॉव्ह भेटला आणि घोटाळा झाला. पहिल्या अंकात बंदूक दिसली तर ती पुढे उडालीच पाहिजे, हा चेकॉव्हचा दंडक. इकडे पहिल्याच प्रकरणात वाड्याच्या भिंतीवर आजोबांची ठासणीची बंदूक. पात्रं सगळी सदाशिव पेठेतली. गोळी घालावी इतकं कोणी कोणाच्या जवळ गेलेलं नाही. शेवटी बंदूक उतरवून तिथे 'कालनिर्णय' टांगलं. आता तो कालनिर्णयाच्या काळजीत आहे.

नायिकेचं नाव सुलभा. तिच्यासाठी वेगळी दोनशेपानी वही. तीत तिची पत्रिका, रक्तगट, शाळेतल्या बाकाचा नंबर आणि मावशीचं पित्ताशयाचं ऑपरेशन. यातलं कादंबरीत काही यायचं नाही, "पण लेखकाला माहीत हवं," असं तो सांगतो. (ते खरंही आहे. फक्त लेखकाला.)

खरा मुक्काम पहिल्या वाक्यावर. "सुलभाने दार वाजवलं" की "दार वाजलं"? वाजवलं म्हटलं की वाचक सुलभाबरोबर बाहेर पावसात. वाजलं म्हटलं की आत, नायकाच्या खुर्चीशेजारी. एका क्रियापदात अख्ख्या कादंबरीचा दृष्टिकोन ठरतो. मुद्दा इतका बिनतोड आहे की ऐकणाऱ्याला वाटतं, आता हा लिहीतच सुटणार. तो मात्र दोन्हींच्या चार-चार आवृत्त्या करतो, मग सगळं प्रथमपुरुषी करून बघतो. चहा ठेवता ठेवता बायको म्हणते, "अहो, त्या मुलीला आधी घरात घ्या. गेल्या पावसाळ्यापासून भिजतेय."

कार्यशाळा तो एकही चुकवत नाही. पहिल्या रांगेत बसतो आणि व्याख्यानापेक्षा लांब प्रश्न विचारतो. त्याच्यासमोर 'कोसला'चा विषय तेवढा काढू नये. १९६३ साली ती आली तेव्हा नेमाडे पंचविशीत होते, हे त्याला ठाऊक आहे. "त्यांच्यावर तंत्राचं ओझं नव्हतं," असं तो म्हणतो. जणू नेमाड्यांना ग्रेस मार्क मिळाले होते.

पण माणूस अडाणी नाही, हीच तर पंचाईत. सोसायटीतली एक कॉलेजातली मुलगी दिवाळी अंकासाठी लिहिलेली कथा घेऊन आली. त्याने चष्मा कपाळावर सरकवून ती एका बैठकीत वाचली आणि म्हणाला, "पहिली दोन पानं काढून टाक. तुझी गोष्ट तिसऱ्या पानावर सुरू होते. आणि शेवटी आई रडते ते नको; तिला नुसते तांदूळ निवडू दे." मुलीने तसं केलं. कथा छापून आली, मानधनही आलं. असा नेमका सल्ला भल्याभल्यांना सुचत नाही. मग तो हे स्वतःला का लावत नाही? लावणार कशाला? त्याच्याकडे तिसरं पानच नाही.

तेव्हा तुमची कथा कुठे अडली असेल, तर खुशाल त्याच्याकडे न्या. इतकं बारीक वाचणारा दुसरा मिळायचा नाही. फक्त निघताना रीत म्हणूनसुद्धा "तुमची कुठवर आली?" असं विचारू नका. तो सांगतो.