पिनशास्त्री

नवा हेडफोन घेऊन जिना चढू लागलं, की दुसऱ्या मजल्यावरचं दार आपोआप उघडतं. केवढ्याला पडला, वाजतो कसा, असले प्राकृत प्रश्न आतून येत नाहीत. एक हात येतो आणि दोन शब्द येतात : "पिन बघू."

तुमच्या सोसायटीतले पिनशास्त्री कदाचित बँकेतून रिटायर झालेले असतील. आमचे कारखान्याच्या मेंटेनन्समधून झाले. बाकी सरंजाम तोच. शर्टाच्या खिशात सोनाराचं भिंग, कान कोरायच्या कापूसकाड्या (कानाशी त्यांचा संबंध नाही, त्या पिन पुसायला) आणि औषधाच्या जुन्या बाटलीत आयसोप्रोपिल अल्कोहोल. या बाटलीमुळे पहिल्या मजल्यावर एकदा निष्कारण कुजबुज झाली होती.

मध्यंतरी मी सोनेरी पिनेचा हेडफोन आणला. सोनेरी म्हणून चार पैसे जास्त मोजले होते. शास्त्रीबुवांनी भिंग लावलं, नखाने हलकेच खरवडलं आणि सोनाराने वन ग्रॅमची बांगडी परत करावी तशी पिन माझ्या हातात ठेवली.

"पाणी आहे. तेही मायक्रॉनच्या आतलं असणार."

"पण सोन्यातून करंट चांगला जातो ना?"

"कोण म्हणालं? पहिला नंबर चांदीचा, दुसरा तांब्याचा. सोनं तिसरं."

"मग लावतात कशाला?"

"गंजत नाही म्हणून. चांदीला हवेतला गंधक लागतो, काळी पडते. वहिनींचे पैंजण बघा."

मी बघितले. वहिनींनी पाय साडीत ओढून घेतले. शास्त्रीबुवांचं लक्ष तिकडे नव्हतंच. ते निकेलवर पोचले होते. निकेल टणक, रोज काढ-घाल करणाऱ्याने मुकाट्याने निकेल वापरावं. सोनं मऊ, घासून जातं. फारच हौस असेल तर रोडियम. पांढऱ्या सोन्याच्या दागिन्यावर चढवतात ते. टणक आणि महाग. अर्ध्या तासाने मी धीर करून विचारलं, "पण शास्त्रीबुवा, या सगळ्याने ऐकायला फरक काय पडतो?"

"ऐकायला?" ते दचकले. "ऐकायला काही नाही. पिन स्वच्छ असली म्हणजे झालं. पण ऐकण्याचा इथे संबंध काय?"

त्यांना गाणं ऐकताना कोणी पाहिलेलं नाही. गाणं सुरू झालं, की ते तारेच्या दुसऱ्या टोकाशी असतात. आमच्या बिल्डिंगमधल्या पोरांना पाढ्यांच्या आधी कड्या येतात : एक काळी कडी मोनो, दोन कड्या स्टिरिओ, तीन कड्या माइकसकट. गणपतीत आरती खोळंबवून त्यांनी साउंडवाल्याला "पिन बघू" म्हटलेलं आहे. त्याची ती जाडजूड ६.३५ मिलिमीटरची पिन मुळात एकोणिसाव्या शतकातल्या टेलिफोन एक्स्चेंजमधली, ऑपरेटर बायका दोऱ्या उपसून ज्या लावत त्यातली, हे त्याला कापूर विझेपर्यंत सांगितलं.

पुतणीच्या कांदेपोह्यांना मुलगा ऑफिसातून परस्पर आला होता, गळ्यात हेडफोन तसाच. मुलीचे वडील पगाराकडे वळणार, इतक्यात काका म्हणून बसवलेले शास्त्रीबुवा पुढे सरकले : "पिन बघू." मुलगा म्हणाला, "काका, ब्लूटूथ आहे." परतताना रिक्षात त्यांचा अभिप्राय एवढाच, की मुलाला अर्थिंग नाही. लग्न ठरलं. सुखात आहेत. शास्त्रीबुवा अजून वाट बघताहेत.

सरळ पिन की एल आकाराची, यावर ते कोणालाही लोकलमध्ये दादरपासून ठाण्यापर्यंत उभं ठेवू शकतात. सरळ पिन खिशात वाकते आणि मानेशी तार तुटते. एल टिकते, पण फोनला जाड कव्हर असलं तर पुरती आत जात नाही. २००७ साली पहिल्या आयफोनचं भोक इतकं खोलात होतं, की बऱ्याच पिना तिथवर पोचत नसत. तेव्हा अर्ध्या ऑफिसच्या पिनांचं प्लास्टिक यांनी ब्लेडने तासून दिलं होतं. २०१६ मध्ये आयफोन ७ वरून ते भोकच गेलं. व्यासपीठावरून फिल शिलर यांनी त्यामागचं कारण म्हणून 'धैर्य' हा शब्द वापरला. शास्त्रीबुवांनी त्या दिवशी दाढी केली नाही. त्यांच्या मते ज्या माणसाने ३.५ मिलिमीटरच्या भोकाला घाबरून पळ काढला, त्याने धैर्याचं नाव काढू नये.

हे सगळं लिहून सूड उगवायचा, असा माझा साधा बेत होता. पण मध्ये आई येते.

आई दुपारी फोनवर अभंग ऐकते. फोन माझा जुना आणि इअरफोन कपाटात सापडलेला, त्याहूनही जुन्या नोकियाबरोबरचा. एक दिवस म्हणाली, "अरे, बुवा गायचे थांबलेत. टाळ चाललेत, पेटी चाललीय. बुवा कुठेतरी विहिरीत उतरल्यासारखे वाटतात." मी आवाज वाढवला. टाळ वाढले, बुवा विहिरीतच. आता कानाच्या डॉक्टरकडे न्यायला हवं, असं माझं ठरत होतं. तेवढ्यात दारात हात : "पिन बघू."

पाहिली, फोन पाहिला आणि म्हणाले, "काकू, तारेवरचं ते बटण दाबून धरा बरं."

"आले! बुवा आले!" बटण सोडलं, बुवा गेले.

मग एका दमात सगळं आलं. तीन कड्यांच्या पिनेला चार भाग. पहिले दोन डाव्या-उजव्या कानाचे, उरलेले दोन माइक आणि अर्थ. या शेवटच्या दोघांनी कुठे बसायचं याच्या दोन रीती. जुन्या नोकियांची बहुधा एक, आयफोनची आणि आता जवळपास सगळ्यांची दुसरी. रीत चुकली की अर्थ नीट मिळत नाही आणि डावा-उजवा कान एकमेकांतून वजा होऊ लागतात. दोन्हीकडे जे सारखं असतं ते उडतं. मुख्य गायक मधोमध रेकॉर्ड करतात, म्हणून पहिला तोच उडतो. बटण दाबलं की माइक आणि अर्थ जोडले जातात, बुवा वर येतात.

"म्हणजे बुवांची चूक नाही," आई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ते बाजारात जाऊन सुटे भाग घेऊन आले आणि शेवटच्या दोन तारांची अदलाबदल करणारा वीतभर तुकडा सोल्डर करून दिला. आईला चटकन सापडावा म्हणून त्याला लाल दोरा गुंडाळला होता. पैशांचं नाव काढू दिलं नाही. तपासायला म्हणून इअरफोन कानाला लावला, तो अभंग संपला तरी काढला नाही. आईने हात पुढे केला तेव्हा म्हणाले, "थांबा काकू, उजवा कान तपासायचा राहिलाय." आणि दुसरा अभंग सुरू झाला.

तो फोन यंदा गेला. नव्याला भोक नाही. शास्त्रीबुवांनी तो चारही कडांनी फिरवून पाहिला, चार्जिंगच्या तोंडाशी भिंग धरलं, "आत चोवीस संपर्क असतात," म्हणाले. पण आवाजात जोर नव्हता. आईने चहा पुढे ठेवला. चहा घेता घेता ते तिला सांगू लागले, की १९७९ साली सोनीचा पहिला वॉकमन आला त्याला हेडफोनची दोन भोकं होती, दोघांनी एकच गाणं ऐकावं म्हणून.

त्यांना जेवायला बोलवायला आलेल्या त्यांच्या सौभाग्यवती दारातच उभ्या होत्या. म्हणाल्या, "आमच्याकडे असता, तर एका भोकाला मी असते आणि दुसऱ्याला यांचं भिंग."