बाळ मेरिटमध्ये आलं

न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत 2025 साली जाहिराती झळकल्या. तुमचं सर्वोत्तम बाळ जन्माला घाला! शेजारी दुसरी : उंची 80 टक्के आनुवंशिक असते. जाहिरातदार न्यूक्लियस जिनॉमिक्स नावाची कंपनी. आयव्हीएफमध्ये तयार झालेल्या जास्तीत जास्त 20 भ्रूणांची जनुकं वाचून कुणाला कोणत्या रोगाचा धोका, कोण उंच होईल, कुणाची बुद्धी तल्लख निघेल, डोळे कुठल्या रंगाचे, याचा तक्ता ती होणाऱ्या आईबापांच्या हातात ठेवते. त्यातून आवडेल तो भ्रूण निवडायचा, बाकीचे शीतपेटीत. तेव्हाचा भाव 5,999 डॉलर. सहा हजाराला एक डॉलर कमी, म्हणजे गिऱ्हाइकाच्या बुद्धीबद्दल कंपनीचा काय अंदाज आहे ते भावातच कळतं.

असलाच एक तक्ता परवा आमच्या सोसायटीत येऊन पोचला. चेअरमनसाहेबांचा मुलगा न्यू जर्सीत असतो. त्यानं व्हॉट्सअ‍ॅपवर पीडीएफ पाठवली, चेअरमनसाहेबांनी कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून तिची रंगीत प्रिंट काढली आणि वर लॅमिनेशन करून घेतलं. मग मला बोलावणं आलं.

"बसा. सहा जण आहेत," चेअरमनसाहेब म्हणाले. "बुद्धीला पासिंग किती असतं हो?"

"पासिंग नसतं. सरासरीच्या वर का खाली, एवढंच देतात."

"म्हणजे डिस्टिंक्शन कळायला मार्ग नाही." त्यांनी चष्मा पुसला. "आणि रिचेकिंग?"

वहिनींनी तोवर तक्ता आपल्याकडे ओढला होता. "हा चार नंबर उंचीत पहिला आहे बघा. पण टक्कल पडण्याचा संभव जास्त, असं लिहिलंय." त्यांनी यजमानांच्या डोक्याकडे एकवार पाहिलं. "हे कुणाकडून आलं ते सांगायला प्रयोगशाळा नको."

चेअरमनसाहेबांचं बोट मात्र वेगळ्याच रकान्यावर होतं. मुलगा की मुलगी, तो रकाना. अमेरिकेत तो छापायला मनाई नाही. माझं लक्ष गेल्यावर ते म्हणाले, "सहज नजर गेली." सहज गेलेली नजर बराच वेळ तिथून हलली नाही.

मी त्यांना जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठातल्या संशोधकांचा 2019चा अभ्यास सांगितला. दहा भ्रूणांतून सर्वांत सरस निवडला तर सरासरीपेक्षा फायदा किती? उंचीत अडीच सेंटिमीटर, बुद्ध्यंकात अडीच गुण. उंचीचं काम जाड टाचेच्या बुटानं भागतं. बुद्ध्यंकाचं म्हणाल, तर एकाच माणसानं चाचणी दोनदा दिली तरी याहून जास्त फरक पडू शकतो. त्याच संशोधकांनी भरपूर भावंडांची 28 कुटुंबं घेतली, मुलं वाढून मोठी झालेली, आणि गणित उलटं लावून पाहिलं. जनुकांनी ज्याला सर्वांत उंच ठरवलं, तो खरोखर सर्वांत उंच निघाला फक्त 7 घरांत. 5 घरांत तर तो भावंडांच्या सरासरीपेक्षाही बुटका भरला.

"म्हणजे 21 घरांचे पैसे बुडाले," चेअरमनसाहेब तात्काळ म्हणाले. मेंटेनन्सची थकबाकी काढून काढून त्यांचा हात बसलेला आहे.

दुसरी अडचण सांगायला मला जरा संकोच वाटत होता. उंचीचा आजवरचा सर्वांत मोठा जनुकीय अभ्यास 2022चा. 54 लाख माणसं तपासली, उंचीशी संबंध असलेल्या 12,111 जागा सापडल्या. पण त्यांतली बहुतेक माणसं युरोपीय वंशाची. त्यांच्या उंचीतला सुमारे 40 टक्के फरक त्या जागांवरून उलगडतो. बाकीच्या जगाचा 10 ते 20 टक्केच. आणि चेअरमनसाहेबांचं मूळ गाव कराडजवळ.

"म्हणजे पेपर त्यांच्या सिलॅबसचा आणि परीक्षेला बसवलं आपल्या पोराला?" वहिनी म्हणाल्या. जनुकशास्त्रावरचे अनेक लेख मी वाचले आहेत. इतक्या थोडक्यात कुणी सांगितलेलं नाही.

बाळ पारखून निवडायचा हा शौक काही आजचा नाही. न फुटणाऱ्या प्लॅस्टिकच्या चष्म्याच्या भिंगांवर गडगंज झालेल्या रॉबर्ट ग्रॅहमनं कॅलिफोर्नियात नोबेलविजेत्यांच्या वीर्याची पेढी काढली. 1980 साली ती वर्तमानपत्रांत गाजली. आपण वीर्य दिलं असं उघडपणे सांगणारा नोबेलवाला एकच निघाला : ट्रान्झिस्टरवाला विल्यम शॉकली. पेढीची टिंगल सुरू झाल्यावर नोबेलवाल्यांनी काढता पाय घेतला, मग जरा कमी तेजाच्या माणसांवर भागवावं लागलं. 1999 साली पेढीला टाळं लागेपर्यंत दोनशेहून अधिक मुलं जन्मली. नोबेलवाल्याचं त्यांत एकही नाही. शॉकलीची स्वतःची, घरची मुलं होती ती वेगळी. ती आपल्या मानानं फारच घसरली, असं त्यानं एका मुलाखतीत सांगितलं आणि खापर पहिल्या बायकोच्या शिक्षणावर फोडलं. हा शोध आपल्याकडे नोबेलशिवाय घरोघर लागलेला आहे.

खरं तर भ्रूण तपासण्याच्या या विद्येचं काम निराळंच होतं. नवरा-बायको दोघंही थॅलेसेमियाचे वाहक असतील तर निरोगी भ्रूण निवडता यावा, अशा कामासाठी ही तपासणी; आणि ज्या घरात हा आजार येऊन गेला आहे तिथे तिच्याइतकी मोलाची गोष्ट दुसरी नाही. सिकलसेलवर तर आता रुग्णाच्याच पेशींतली जनुकं दुरुस्त करणारा उपचार आला आहे. 2023च्या अखेरीस ब्रिटन-अमेरिकेनं त्याला मान्यता दिली. अमेरिकेतली किंमत 22 लाख डॉलर. सिकलसेलचे रुग्ण आहेत नंदुरबारला, गडचिरोलीला. तिथल्या एसटी स्टँडवर या उपचाराची जाहिरात अजून कुणी लावलेली नाही. गिऱ्हाईक बघूनच जाहिरात लागते.

आपल्याला मात्र न्यूयॉर्कच्या त्या जाहिरातींचं फारसं नवल वाटायला नको. 1980च्या दशकात मुंबईत गर्भजल तपासणीच्या जाहिराती होत्या : आज पाचशे रुपये खर्च करा, उद्याचे पाच लाख वाचवा, अशा धर्तीच्या. वाचणारे पैसे हुंड्याचे, हे कुणाला समजावून सांगावं लागत नसे. त्या वेळी परीक्षेला एकच विषय होता आणि त्यात विद्यार्थिनी बसण्याआधीच नापास. हे थांबवणारा देशातला पहिला कायदा 1988 साली महाराष्ट्रानंच केला. केंद्राचा 1994 साली आला. त्यानंतर सहा वर्षांखालच्या दर हजार मुलांमागे मुली किती? महाराष्ट्रात 2001 साली 913, 2011 साली 894. बीड जिल्ह्यात 807. कायदा पुस्तकात आणि सोनोग्राफीचं यंत्र गाडीच्या डिकीत, असा संसार बराच काळ सुखानं चालला.

आता 2021चा एआरटी, म्हणजे सहाय्यित प्रजननाचा, कायदा सांगतो की भ्रूणाची तपासणी फक्त ज्ञात आनुवंशिक आजारांसाठीच करायची. उंची, बुद्धी, डोळ्यांचा रंग हे आजार नाहीत. अर्थात स्थळं बघायला बसलेल्या मंडळींना हे पटवणं अवघड आहे. बुटकेपणा आणि सावळा रंग हे दोन्ही आजार असून ते दूरच्या नातेवाइकांनाही पटकन दिसतात, असा तिथला अनुभव.

तेव्हा हा धंदा इकडे आला, की मागच्या दारानं येणार, आणि मागच्या दाराला भाषा लागते. सोनोग्राफीच्या काळात तोंडानं काही सांगायचं नसे. डॉक्टर नुसते म्हणत, "पेढे आणा" किंवा "बर्फी आणा". घरचे समजून जात. मी निघताना चेअरमनसाहेबांनी मला बाजूला घेऊन हेच विचारलं : मुलगा-मुलगीचं ठीक आहे हो, पण बुद्ध्यंक एकशे वीसच्या वर असला तर कुठली मिठाई?

मी म्हटलं, काजूकतली असावी.

"आणि घारे डोळे असले तर?"

वहिनी आतून म्हणाल्या, "वर चांदीचा वर्ख."