तीर्थस्वरूप पेट्रोलियम कायद्यास, हिंजवडीहून

ती. पेट्रोलियम अधिनियम, 1934,
मुक्काम सेमिनरी हिल्स, नागपूर
यांचे सेवेशी हिंजवडीच्या समस्त दुचाकीस्वारांकडून शि. सा. न. वि. वि.

आपण नव्वदी ओलांडली तरी आपली कलमे अजून ताठ उभी आहेत, याबद्दल प्रथम अभिनंदन. आपले चिरंजीव पेट्रोलियम नियम, 2002, हेही सुखरूप असतील. आपणा दोघांचा योगक्षेम पेसो ही केंद्र सरकारची कचेरी पाहते आणि तिचे मुख्यालय आपल्याच महाराष्ट्रात, नागपुरात आहे. दिल्लीचा पत्ता शोधायला लागला नाही, हा त्यातल्या त्यात दिलासा.

पत्रास कारण की, राजीव गांधी इन्फोटेक पार्कच्या तिसऱ्या फेजमधून संध्याकाळी निघालेली दुचाकी शिवाजी चौकाच्या अलीकडे बंद पडते. काट्याने सकाळीच सूचना दिलेली असते, पण गाडीला तिथून इथवर अंतर कापायला जेवढे पेट्रोल लागते त्याहून अधिक ती गर्दीत उभी राहून पिते. स्वार गाडी मेट्रोच्या खांबाला टेकवतो, पाठीवरच्या सॅकमधली पाण्याची बाटली रिकामी करतो आणि चालत पंप गाठतो. तिथला मुलगा न बोलता वरच्या फलकाकडे बोट करतो: बाटलीत पेट्रोल मिळणार नाही.

‘मग कशात मिळेल?’

‘गाडीत.’

‘गाडी तिकडे बंद पडलीये.’

‘मग ढकलत आणा.’

या संवादात मुलाची काही चूक नाही. फलकामागे तेल कंपन्यांच्या सूचना असतात, वेळोवेळीचे पोलिसी आदेश असतात आणि त्याची नोकरी असते. प्रश्न आपल्याला आहे, कारण आपले कलम 8 वाचले तर ते या फलकाहून बरेच उदार निघते. विक्रीसाठी नसलेले 30 लिटरपर्यंत पेट्रोल कोणाही नागरिकाला परवान्याशिवाय जवळ बाळगता येते, असे आपण म्हणून ठेवले आहे. भांडे कसले असावे, तेही आपण सांगितले आहे. घट्ट बुचाचे, काचेचे, चिनी मातीचे किंवा धातूचे. काच आणि चिनी माती असेल तर एक लिटरपर्यंत, धातू असेल तर 25 लिटरपर्यंत.

म्हणजे कोकणातल्या आजीने मुरंब्यासाठी ठेवलेली एक लिटरची बरणी घट्ट बूच लावून आणली, तर ती आपल्या दरबारात मान्य. लॅपटॉप एका कप्प्यात, बरणी दुसऱ्या कप्प्यात, अशा थाटात एखादा सॉफ्टवेअर इंजिनिअर पंपावर उभा राहिला तर कायदा त्याच्या बाजूने असेल. पंपावरचा मुलगा मात्र बहुधा पोलिसांना फोन करील.

प्लास्टिकचा उल्लेख आपल्या यादीत नाही, याचा दोष आपल्याला देता येत नाही. पाण्याच्या बाटलीचे ते पारदर्शक प्लास्टिक आपल्यानंतर जन्मले. त्याचे पेटंट 1941 चे, आणि त्याची बाटली तर 1973 ची. पण चिरंजीवांचे काय? ते 2002 चे. त्यांच्या काळात एसटी स्टँडवर पाण्याच्या बाटल्या विकल्या जात होत्या. तरी त्यांनी वडिलांचा शब्द मोडला नाही. पेट्रोलचे भांडे लोखंडी किंवा पोलादी हवे, एक लिटरहून मोठे असेल तर ते पेसोच्या मुख्य नियंत्रकांनी मंजूर केलेल्या प्रकारचे हवे, आणि भरताना किमान पाच टक्के जागा मोकळी सोडायला हवी, असे त्यांनी लिहिले. वाक्य उत्तम आहे. उन्हात पेट्रोल फुगते, दर दहा अंशांना साधारण एक टक्का, म्हणून ती मोकळी जागा लागतेच. फक्त असे मंजूर, पाच लिटरचे, हातात धरता येईल असे पोलादी भांडे हिंजवडीत कोणत्या दुकानात मिळते, एवढेच लिहायचे राहून गेले.

इथे पत्राला थोडे गंभीर व्हावे लागेल. बाटलीबंदी लहरीतून आलेली नाही. मनमाडजवळ 25 जानेवारी 2011 रोजी अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना तेलात भेसळ करणाऱ्यांनी जिवंत जाळले. हिंगणघाटला 3 फेब्रुवारी 2020 रोजी एका तरुण प्राध्यापिकेवर भर रस्त्यात पेट्रोल टाकून तिला पेटवण्यात आले. आठवडाभराने तिचा मृत्यू झाला. हिंजवडीच्या फेज 1 मध्ये 19 मार्च 2025 रोजी कर्मचाऱ्यांची गाडी पेटून चौघे गेले, आणि ज्वलनशील रसायन गाडीत आधीच आणून ठेवले होते, असे पोलीस तपासात पुढे आले. शास्त्रही बंदीच्याच बाजूला आहे. पेट्रोलची वाफ उणे 40 अंशांच्या आसपासही पेट घेऊ शकते, ती हवेहून जड असल्याने जमिनीलगत पसरते, आणि प्लास्टिकमध्ये पेट्रोल पडताना साचणारी स्थिर वीज जमिनीत उतरायला वाट सापडत नाही. पातळ बाटली हे पेट्रोलचे भांडे नव्हे, यावर हिंजवडीकरांचा आक्षेप नाही.

आक्षेप आहे तो वाईट भांडे बंद करून चांगले भांडे न देण्यावर. कारण पेट्रोलची गरज बंद होत नाही, ती फक्त पंक्चरवाल्याच्या टपरीकडे वळते. तिथे तीच बाटली, तेच पेट्रोल, वर चार पैसे जास्त. आणि ते विक्रीसाठी ठेवलेले असल्याने कलम 8 ची सवलतही त्याला नाही. टपरी सापडली नाही तर दुसरा उपाय सगळ्या पुणे परिसराला पाठ आहे. मागून मित्र आपल्या गाडीवर येतो, बंद गाडीच्या फूटरेस्टला पाय लावतो आणि दोन गाड्या एका पायाच्या भरवशावर भूमकर चौकाकडे निघतात. एक लिटर पेट्रोल हातातून नेणे धोक्याचे म्हणून हा प्रकार, असा हिशेब आहे.

पूर्वी निदान कॉक होता. आकुर्डीतून 1972 मध्ये बाहेर पडलेल्या चेतकला पायाशी कॉक असे. तो फिरवला की रिझर्व्हचे पेट्रोल सुरू होई, आणि तेही संपले तर शेजाऱ्याच्या गाडीची नळी काढून त्याच्याकडून उसने घेता येई. एप्रिल 2020 पासून बीएस-6 हे धुराचे निकष आले, दुचाकीच्या टाकीत इंधन इंजेक्शनचा पंप बसला, कॉक गेला आणि नळी काढून उसने देण्याची पद्धतही गेली. आता टाकी पूर्ण कोरडी चालवली तर तो पंपच बिघडायची भीती. गाडी जितकी सुधारली तितका स्वार भांड्यावर अवलंबून झाला, आणि भांडे तर आपण दोघांनी कपाटात बंद करून ठेवलेले.

डिझेलवाल्यांची चैन पाहून तर हिंजवडीच्या दुचाकीस्वाराला मत्सरच वाटतो. आपले कलम 7 त्यांना अडीच हजार लिटरपर्यंत परवाना विचारत नाही. भांडे हजार लिटरहून मोठे नसावे, एवढीच अट. इंडियन ऑइलने मार्च 2018 मध्ये फिरत्या पंपाने डिझेल घरपोच द्यायला सुरुवात केली, तीही पुण्यातूनच. डिझेलला पेट घ्यायला पेट्रोलपेक्षा जास्त उष्णता लागते, तेव्हा ही सवलत न्याय्यच आहे. पण बावीस मजल्यांच्या सोसायटीच्या जनरेटरला टँकर दारात येतो, आणि त्याच सोसायटीच्या फाटकाबाहेर अडकलेल्या कुरिअरवाल्या पोराला अर्धा लिटर मिळत नाही, हे दृश्य जरा चमत्कारिक दिसते. पलीकडे मुळशीच्या खाचरात ब्रश कटर चालवणाऱ्या शेतकऱ्याने काय करावे? यंत्र खांद्याला अडकवून पंपावर जावे? तसे जाणारेही आहेत.

आणि पंपावर गेल्यावर एक गंमत दिसते. प्रत्येक पंपावर वैधमापन खात्याचा शिक्का असलेले पाच लिटरचे धातूचे माप ठेवावे लागते. पेट्रोल कमी मिळतेय असा संशय आला तर ग्राहकाने हक्काने ते मागावे, त्यात पाच लिटर ओतून घ्यावे आणि खूण पाहावी. म्हणजे उघड्या तोंडाच्या भांड्यात पेट्रोल मोजायची मुभा आहे. झाकणाच्या भांड्यात न्यायची सोय नाही.

आता मूळ दुखणे. हे पत्र जिथून निघत आहे त्या पट्ट्यात पत्रा दाबणाऱ्या, वळवणाऱ्या आणि जोडणाऱ्या हातांचा तुटवडा आहे काय? भोसरी, तळवडे, चाकण इथल्या प्रेस शॉपमध्ये दुचाकीच्या टाकीचा पत्रा साच्यात दाबला जातो, शिवण वेल्डिंगने जुळते, आत हवा भरून गळती तपासली जाते. चाकणला बजाजचा कारखाना 1999 पासून आहे, फोक्सवॅगनचा 2009 पासून. इथल्या कामगाराला दहा लिटरची टाकी कशी गळू द्यायची नाही हे झोपेतही ठाऊक आहे. तोच कामगार रात्रपाळी संपवून घरी निघतो, गाडी बंद पडते, आणि त्याच्या हातात असते ती पाण्याची बाटली.

हत्यार म्हणून भांड्याचा विचार झाला, पण वस्तू म्हणून झाला नाही. जर्मनांनी तो 1930 च्या दशकात केला होता. श्वेल्म गावातल्या एका कारखान्यात विन्झेंत्स ग्रुनफोगेल या अभियंत्याने 20 लिटरचा पोलादी कॅन आखला. दोन अर्धे भाग दाबून केलेले, शिवण आत लपवलेली, झाकण एका खटक्यात बंद होणारे आणि वर तीन मुठी, म्हणजे एकाने उचलावा किंवा दोघांनी मिळून न्यावा. पुढे दुसऱ्या महायुद्धात आफ्रिकेच्या वाळवंटात ब्रिटिश सैन्य चार गॅलनच्या पातळ पत्र्याच्या डब्यांतून पेट्रोल नेत होते आणि त्यातले बरेचसे वाटेतच वाळूला पाजत होते. हा चौकोनी डबा महाराष्ट्राला परका नाही. घासलेटचा, पुढे तेलाचा, मग धान्याचा आणि शेवटी तुळशीचा झालेला 18 लिटरचा डबा तो हाच. ब्रिटिशांनी अखेर जर्मन कॅनचीच नक्कल केली. कायदे करणाऱ्यांनाही शत्रूकडून शिकायची अशी मुभा असावी.

उलट टोकाला अमेरिका आहे. हिंजवडीतून ऑनसाइट गेलेला इंजिनिअर न्यू जर्सीत घर घेतो, गवत कापायचे यंत्र घेतो आणि लाल प्लास्टिकचा कॅनही घेतो, तोही राजरोस, दुकानातून. मग त्याला कळते की तिथल्या पर्यावरण खात्याने 2009 पासून कॅनमधून दिवसाला किती वाफ सुटावी याची मर्यादा घातली, आणि कारखानदारांनी ती पाळताना हवा आत घेणारे छोटे भोकच काढून टाकले. वर आपोआप बंद होणारी स्प्रिंगची तोटी बसवली. आता ती एका हाताने दाबायची, दुसऱ्याने फिरवायची, तिसऱ्याने कॅन तोलायचा. हवा आत जात नाही म्हणून पेट्रोल गचके देत बाहेर येते आणि निम्मे गवतावर सांडते. वाफ वाचवायला केलेल्या कॅनमधून पेट्रोलच सांडते, हे तिथले लोक गेली कित्येक वर्षे तावातावाने बोलत आहेत. त्यावरून आपण कॅनच नाकारावा, असे मात्र त्यांना सुचलेले नाही. त्यांनी 2020 च्या अखेरीस नवा कायदा करून कॅनच्या तोंडाशी ज्वाला अडवणारी जाळी सक्तीची केली. ब्रिटनने तर आपल्यासारखाच 30 लिटरचा आकडा धरला आहे. तिथे घरी ठेवायला प्लास्टिकचा कॅन दहा लिटरपर्यंत आणि धातूचा वीस लिटरपर्यंत चालतो.

तेव्हा आजोबा, विनंती मोठी नाही. पंपाच्या काउंटरवर इंजिन ऑइलचे डबे मांडलेले असतात, त्यांच्या शेजारी एक-दोन लिटरचा मंजूर पोलादी डबा असावा. मंजुरीचा क्रमांक त्याच्या पत्र्यावरच उठवलेला असावा, म्हणजे पंपावरच्या मुलाला नियम पाठ करावे लागणार नाहीत. अनामत भरावी, डबा न्यावा, गाडी सुरू करून परत आणावा, अनामत घ्यावी. गाडीचा नंबर नोंदवून घ्यायचा असेल तर खुशाल घ्यावा. रॉकेलच्या रेशन कार्डावर शिक्के घेत मोठा झालेला हा महाराष्ट्र नोंदवहीला घाबरत नाही. डबा बनवणारे चाकणला आहेत, मंजुरी देणारे नागपूरला. मधले अंतर समृद्धी महामार्गाने बरेच कमी झाले आहे.

चि. नियम, 2002, यांना नमस्कार सांगावा. कळावे, लोभ असावा.

आपले,
समस्त दुचाकीस्वार, हिंजवडी, ता. मुळशी

ता. क. डब्याच्या तोटीला स्प्रिंग बसवायचा विचार झालाच, तर मंजुरीपूर्वी साहेबांनी ती नागपूरच्या मे महिन्यात, एका हातात हेल्मेट धरून, दुसऱ्या हाताने एकदा उघडून पाहावी.