पाहुणे येणार, कुंड्या रंगवा

पुण्यातल्या एखाद्या मॅनेजमेंट कॉलेजात अचानक कुंड्यांना गेरू लागला, ग्रंथालयातली धूळ उडाली आणि प्राध्यापक वर्गापेक्षा झेरॉक्सच्या दुकानात जास्त दिसू लागले, की ओळखावं: महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकची टीम येतेय. निकष सात, फायली अगणित. चार वर्षांपूर्वीच्या व्याख्यानाचा अहवाल सापडतो, फोटोही सापडतो. फक्त त्यावर जिओटॅग नसतो. मग धावाधाव!

चारपैकी किमान ३.५१ गुण मिळाले की ‘ए प्लस प्लस’. ती अक्षरं लेटरहेडवरून थेट चौकातल्या फ्लेक्सवर उतरतात. ज्यांना परदेशी शिक्काच हवा, त्यांच्यासाठी अमेरिकेची १९१६ सालची एएसीएसबी आहे, ब्रसेल्सची ईक्विसही आहे.

मार्च २०२३ मध्ये नॅकच्या कार्यकारी समितीचे अध्यक्ष, पुण्याचेच भूषण पटवर्धन, गैरप्रकारांच्या चौकशीची मागणी करून राजीनामा देते झाले. त्यांच्या जागी आले सीओईपी या पुण्यातल्याच अभियांत्रिकी संस्थेचे माजी संचालक अनिल सहस्रबुद्धे. म्हणजे खुर्ची पुण्यातच राहिली.

फेब्रुवारी २०२५ मध्ये गुंटूरला पाहुणचाराची हद्दच झाली. एका विद्यापीठाला ‘ए प्लस प्लस’ मिळावी म्हणून लाच दिल्या-घेतल्याच्या आरोपावरून सीबीआयने दहा जणांना अटक केली; त्यांत तपासणी समितीचे अध्यक्षही होते. जप्तीत रोकड, लॅपटॉप, आयफोन. हे सातांपैकी कोणत्या निकषात बसवायचं?

नॅकने आता श्रेण्यांऐवजी ‘मान्यताप्राप्त’ किंवा ‘नाही’ एवढंच सांगण्याची पद्धत जाहीर केली आहे. फ्लेक्सवाल्यांना मात्र कुणी विचारलेलं दिसत नाही.