बियांची

इटलीतल्या एका जुन्या सायकल कंपनीचं नाव मराठी डोळ्यांना पहिल्या नजरेत 'बियांची' असंच दिसतं. दिसल्याबरोबर मनात येतं, कसल्या बियांची? फणसाच्या असत्या तर 'आठळ्यांची' म्हटलं असतं, तेव्हा बहुधा भोपळ्याच्या. मग शेजारी उभा असलेला कोणी जाणकार अतिशय मृदू आवाजात सांगतो की इटालियनमध्ये 'सीएच'चा क होतो, सबब 'ब्यांकी' म्हणायचं. आपण मान डोलावतो, किंमत विचारतो, आणि ती ऐकल्यावर ब्यांकी हा उच्चार बँकेच्या फारच जवळचा वाटू लागतो. बियांची होती तोवर निदान आपल्या आवाक्यातली वाटत होती.

एदोआर्दो ब्यांकी या तरुणाने १८८५ मध्ये मिलान शहरात हे दुकान थाटलं. त्याचं आडनाव म्हणजे 'पांढरा' या शब्दाचं अनेकवचन. आपल्याकडे असता तर 'गोरे आणि मंडळी' अशी पाटी लागली असती. पण या गोऱ्यांनी आपल्या सायकलींना रंग दिला तो निळा म्हणावा तर हिरवट आणि हिरवा म्हणावा तर आभाळी. तो कुठून आला याच्या कथा अनेक. कोणी म्हणतं मार्गेरिता राणीच्या डोळ्यांवरून, कोणी म्हणतं मिलानच्या आकाशावरून, आणि कोणी म्हणतं की उरलेले रंग एकत्र कालवल्यावर जे झालं ते हे. मला तिसरी कथा पटते. कारखानदार माणूस राणीच्या डोळ्यांत पाहील, नाही असं नाही, पण रंगाचा उरलेला डबा तो कधीच फेकणार नाही.

हल्ली रविवारी सकाळी खडकवासल्याच्या रस्त्याला चहाच्या टपरीपाशी या सायकली भिंतीला टेकून उभ्या असतात आणि त्यांचे मालक पोह्यांची वाट पाहत एकमेकांचे उच्चार तपासत असतात. 'सिनेली' म्हणणाऱ्याला 'चिनेल्ली' सांगितलं जातं. 'प्यूजिओट' म्हणणाऱ्याकडे तर नुसतं पाहिलं जातं. खरं म्हणजे फ्रेंचांच्या त्या नावात सात अक्षरं असून कानाला जेमतेम चार ऐकू येतात, आणि शेवटचा 'टी' मुळीच तोंड उघडत नाही. यात आपल्याला नवल वाटायचं कारण नव्हतं. १९६२ चे शुद्धलेखनाचे नियम येईपर्यंत आपणही 'कांहीं' आणि 'गांव' लिहीतच होतो की. 'नांव' या शब्दाच्याच डोक्यावर एक टिंब मुकाट बसलेलं असे, आणि त्याला बोलतं करावं असं कुणाच्या स्वप्नातही येत नसे. माझ्या आजोबांच्या पिढीला प्यूजोचा मुका टी एका बैठकीत समजला असता.

उलट इटालियन नावं म्हणजे आपल्या अंकलिपीचा हरवलेला भाऊबंद. लहानपणी भिंतीवरच्या तक्त्यात च चमच्याचा असे, ज जहाजाचा, झ झबल्याचा, आणि मग एक चौकोन येई ज्यात नुसता 'ञ' उभा. शेजारी चित्र नाही, शब्द नाही. बाई छडी त्याच्यावरून पुढे सरकवत तेव्हा मला त्याची दया येई. शाळेत दाखला घेऊन आलेला, पण बाकावर कुणी सरकून जागा न दिलेला मुलगा जसा. आयुष्यभर तो 'पञ्च' नाहीतर 'चञ्चल' अशा संस्कृत थाटाच्या शब्दांत बदली कामगारासारखा राबला, आणि तिथेही पुढे अनुस्वाराने त्याची जागा घेतली. या ञला कायमची नोकरी आहे ती इटलीतल्या विचेन्त्सा शहरात, तुल्लियो काम्पाञोलो यांच्या सायकलींचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात. 'जीएन'चा उच्चार तिथे नेमका ञ. बाकीचं जग त्या अक्षरापाशी अडखळतं. अमेरिकेत लाडाने 'कॅम्पी' म्हणतात, इंग्रज 'कॅम्पॅग'वर थांबतात. न जमणाऱ्या नावाचं टोपणनाव करण्याची रीत बारशाइतकीच सार्वत्रिक असावी. आणि ते विचेन्त्सा तरी काय? आधी चिमणीतला च, मग चाकातला च. दोन्ही च एकाच गावात सुखाने नांदताहेत, आणि आपण मात्र रोमन लिपीकडे पाहून 'व्हिसेंझा' म्हणून मोकळे होतो.

हे काम्पाञोलो स्वतः शर्यतींत धावत. १९२७ च्या नोव्हेंबरात एका घाटात बर्फ पडत असताना त्यांना मागचं चाक काढायचं होतं, पण गारठलेल्या बोटांनी नट हलेना, आणि शर्यत हातची गेली; त्यातूनच पुढे एका खटक्यात चाक मोकळं करणारी दांडी निघाली, अशी कथा सांगतात. जीभ न वळणाऱ्यांसाठीही अशी एखादी खटक्याची दांडी त्यांनी काढायला हरकत नव्हती.

आमच्या घरात परदेशी नाव होतं ते एकच, 'रॅले'. नॉटिंगहॅमहून बोटीने आलेली, काळी, उंच, पुढच्या नळीवर बगळ्याच्या डोक्याचा बिल्ला असलेली आजोबांची सायकल. पुढे आसनसोलला सेन-रॅलेच्या कारखान्यात त्या इथेच होऊ लागल्या, पण आजोबा त्यांच्याकडे धाकट्या पातीच्या भावकीकडे पाहावं तसे पाहत. आता कळतं की इंग्लंडात तिला 'रॅली' म्हणतात आणि अमेरिकेत 'रॉली'. कंपनीला नाव मिळालं ते नॉटिंगहॅममधल्या एका रस्त्यावरून, आणि त्या नावाचा जो सर्वांना ठाऊक असलेला सर वॉल्टर, तो स्वतः सही करताना बहुधा वेगळंच स्पेलिंग लिही. राजा पहिला जेम्स याने त्याच्या नावावर 'रॉ' अशी कोटी केल्याची आख्यायिका आहे, म्हणजे दरबारात तरी तो रॉलीच्या आसपास असावा. आमच्या आळीत मात्र तो निर्विवाद रॅले होता. आजी आजोबांचं नाव घेत नसे. संध्याकाळी कोपऱ्यावर घंटी वाजली की ती चुलीपुढूनच म्हणे, "रॅले आली वाटतं. पाणी ठेवा गं." दुपारी कोणी चौकशीला आलं तर, "रॅले बाजारात गेलीय, दिवेलागणीला येईल." एलिझाबेथ राणीच्या पदरचा तो सरदार असा अनेक वर्षं आमच्या आजोबांच्या नावाने पाणी पीत होता, तेही स्त्रीलिंगात. पुढे सायकल विकली गेली, आजोबा पायी फिरू लागले, तरी आजीने शब्द बदलला नाही. "रॅलेला खोकला झालाय" हे वाक्य वैद्यांनी कपाळाला आठी न घालता ऐकून घेतलेलं मला आठवतं.

तैवानातल्या 'जायंट'चं वेगळंच. नाव इंग्रजी, आणि घरच्या चिनी भाषेत ते लिहितात तीन चित्रलिपीतल्या अक्षरांनी, ज्यांचा उच्चार होतो 'ज्ये-आन-थ'. म्हणजे खुद्द कंपनीच्या गावी तिचं नाव परकं होऊन परत आलेलं. पण या कंपनीच्या नावाची फारशी कुणाला फिकीर नसते. तिची सायकल मुकाट चालते, एवढं पुरतं.

मला सगळ्यांत आवडतं ते नाव पिनारेल्लो. त्यातला दुसरा ल 'गल्ली'तल्यासारखा जोडून यायचा असतो. जिभेने टाळूला टेकून तिथे क्षणभर थांबायचं. जोवान्नी पिनारेल्लोलाही थांबणं चांगलं जमत असे. १९५१ च्या 'जिरो द'इतालिया' शर्यतीत तो सर्वांत शेवटी आला. त्या काळी शेवटच्यालाही मान होता, काळी जर्सी मिळे, आणि ती पटकावण्यासाठी काही स्पर्धक मुद्दाम वाटेत वेळ काढत. पुढच्या वर्षी त्याच्या संघाने त्याला एक लाख लिरा देऊन सांगितलं की बाबा, तू घरी बस, तुझ्या जागी दुसरा धावू दे. त्याने पैसे घेतले आणि त्रेव्हिझोत सायकलचं दुकान टाकलं. त्याच दुकानातून वाढलेल्या कंपनीच्या सायकलींनी पुढे टूर द फ्रान्स कितीदा तरी जिंकली. आणि आता सिंहगडाच्या चढावर तिशीतली मंडळी त्यांच्यावर बसून मला भराभर मागे टाकतात, आणि जाता जाता एकमेकांना ओरडून सांगताना त्या बिचाऱ्याचं नाव एकाच ल मध्ये उरकतात.